पैसेवारी ५० च्या खाली म्हणजे काय? आणे बंद झाले, ‘आणेवारी’ मात्र टिकून

खरीप संपत आला की जळगाव, धुळ्यात एक बातमी हमखास येते : ‘इतक्या गावांची पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी.’ तरुण वाचकाला वाटतं, सरकार पैसे देणार आहे. पण या पैशांचा नोटा-नाण्यांशी संबंध नाही.

रुपयाचे सोळा आणे असायचे, त्या काळातला हा शब्द. पूर्ण माल ‘सोळा आणे’, अर्धा ‘आठ आणे’. पिकाचा अंदाजही आण्यांतच सांगत, म्हणून ‘आणेवारी’. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ आली. पारावर अजून आणेवारीच चालते.

हिशेब सोपा आहे. समजा, गावात ज्वारीचं प्रमाण उत्पन्न १० क्विंटल धरलंय आणि पीक कापणी प्रयोगात हाती ४ क्विंटलच आलं, तर त्या पिकाची पैसेवारी ४० पैसे. म्हणजे रुपयाला ४० पैसे इतकंच पीक. अशी सगळ्या मुख्य पिकांची गोळाबेरीज करून गावाचा आकडा ठरतो.

गावाचा, एका शेतकऱ्याचा नव्हे. गोंधळ इथेच होतो. तुमची कपाशी पूर्ण गेली, पण गाव ५५ पैशांवर असेल तर पैसेवारी तुमच्या कामाची नाही. पीकविम्याचं गणितही वेगळं, तिथे उंबरठा उत्पन्न पाहतात.

२०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती हे निकष पुढे आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच पद्धतीने राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले. त्यात धुळ्यातला शिंदखेडा आणि जळगावातला चाळीसगाव होता.

मग जुना शब्द निकामी झाला का? नाही. २०१८ च्या दुष्काळात आधी १५१ तालुके जाहीर झाले. पुढे जानेवारी २०१९ मध्ये आणखी ९३१ गावं यादीत आली, ती अंतिम पैसेवारी ५० च्या खाली होती म्हणून. यादीत नाव आलं की जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ.

अंतिम आकडा डिसेंबरमध्ये येतो. खान्देशात तेव्हा कपाशीची वेचणी पुष्कळदा सुरूच असते. त्यामुळे हंगामी पैसेवारी जाहीर झाली की गावाचा आकडा तलाठ्याकडे पाहून घ्यावा. हरकत तेव्हाच नोंदवता येते.