भोकांनी तारलेला पूल

दगडी कमान कोसळते तेव्हा तिचा माथा आधी खाली बसतो, असा आपला समज असतो. वेल्समधील पाँटीप्रिद इथे अठराव्या शतकात उलटेच घडले. टॅफ नदीवरच्या कमानीचा माथा वर उचलला गेला आणि पूल पाण्यात गेला.

तो बांधणारा विल्यम एडवर्ड्स हा शेतकरी, धर्मोपदेशक आणि स्वतःच शिकलेला गवंडी. १७४६ मध्ये त्याने पुलाचा मक्ता घेतला, तो सात वर्षे टिकेल या हमीवर. पहिल्या पुलाचे खांब नदीपात्रात होते. पुरात वाहून आलेली झाडे खांबांना अडली, पाणी तुंबले आणि पूल गेला. हमीमुळे पुन्हा बांधणे भागच होते. आता पात्रात खांबच नकोत म्हणून त्याने काठापासून काठापर्यंत १४० फुटांची एकच कमान घेतली. माथा उचलला गेला तो या कमानीचा.

कमानीतले दगड एकमेकांना दाबून धरतात. हा दाब ज्या रेषेने काठांकडे उतरतो, ती रेषा दगडांच्या जाडीतच राहावी लागते; बाहेर पडली की सांधे उघडतात. लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो, हे सूत्र रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच मांडले होते. पण भार कुठे किती, त्यावर साखळीचा आकार बदलतो. एडवर्ड्सच्या कमानीचा माथा पातळ आणि हलका होता, तर खांद्यांवर दगडांचा भराव. खांदे दबले, तसा माथा वर ढकलला गेला.

माथ्यावर वजन वाढवण्याऐवजी एडवर्ड्सने खांद्यांवरचे कमी केले. दोन्ही बाजूंना तीन-तीन आरपार गोल भोके ठेवली: ९, ६ आणि ३ फूट व्यासाची, सर्वांत मोठे काठाजवळ. दाबाची रेषा दगडांच्या आत आली. शिवाय मोठ्या पुराच्या पाण्यालाही वाट मिळाली. १७५६ मध्ये पुरा झालेला हा पूल पुढे अनेक वर्षे ब्रिटनमधली सर्वांत लांब एकल कमान होता.

त्याचा चढ मात्र फारच उभा. गाड्यांचे हाल होत, म्हणून १८५७ मध्ये शेजारीच दुसरा पूल उभा राहिला. जुन्यावरून आता फक्त पादचारी जातात. प्रथम श्रेणीची वारसा वास्तू आणि संरक्षित स्मारक असल्याने परवानगीशिवाय त्यात फेरफार करणे गुन्हा आहे. ती सहा भोके बुजवणे हाही!