मीरा-भाईंदर: जुन्या वस्तीत नवे घर घेताना

मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरचे शहर. दक्षिणेला दहिसर, म्हणजे मुंबई महापालिकेची हद्द. उत्तरेला वसईची खाडी. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पश्चिमेला उत्तन-चौकचा समुद्रकिनारा. सरकारदरबारी ते ठाणे जिल्ह्यात मोडते, पण त्याचा रोजचा व्यवहार पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून मुंबईशी चालतो. मीरा रोड आणि भाईंदर ही त्याची दोन स्थानके चर्चगेटपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहेत.

मिरे, काशी, पेणकरपाडा, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धे, मोर्वे, उत्तन ही येथील मूळ गावे. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती, भातशेती, मासेमारी आणि खाडीलगतची मिठागरे असे या परिसराचे जुने रूप होते. मुंबईतील घरांच्या किमती नोकरदारांच्या आवाक्याबाहेर गेल्या, तसे १९८० च्या दशकात बांधकाम व्यावसायिक दहिसरच्या पलीकडे सरकले. शांतीनगरसारख्या वसाहतींत तीन-चार मजली, बहुधा बिनलिफ्टच्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली.

या वाढीचा आजच्या खरेदीदाराशी थेट संबंध आहे. शहराचा मध्यभाग भरून गेला आहे. तेथे मिळणारे घर बहुधा दोनपैकी एका प्रकारचे असते: तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायटीतला फेरविक्रीचा फ्लॅट, नाहीतर अशीच सोसायटी पाडून बांधलेल्या टॉवरमधला नवा फ्लॅट. दोन्ही व्यवहारांत खोल्या, खिडक्या आणि रंगरंगोटी यांपेक्षा त्याखालची जमीन, तिच्यावरची इमारत आणि त्या दोन्ही सांभाळणारी सोसायटी यांची स्थिती महत्त्वाची ठरते.

वसलेल्या उपनगराचा मोठा फायदा म्हणजे शाळा, दवाखाने, बाजार, बँका आणि रिक्षा हाताशी असतात. नव्या, दूरच्या टाऊनशिपमध्ये या गोष्टींसाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. मात्र सगळे शहर दोन स्थानकांवर अवलंबून असल्याने गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणे हीच एक कसरत असते. विरार-वसईहून येणाऱ्या गाड्या आधीच भरलेल्या असतात. म्हणून भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलना येथील प्रवाशांच्या लेखी विशेष मोल आहे. घर स्थानकापासून चालत किती अंतरावर आहे, यावर किंमत आणि भाडे दोन्ही बरेच अवलंबून असतात. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाल्याने दहिसर नाक्यावरचा खर्च वाचला. महामार्गावरची वाहनांची गर्दी मात्र उरलीच. दहिसर पूर्वेहून भाईंदर पश्चिमेकडे जाणाऱ्या मेट्रो ९ च्या दहिसर-काशीगाव टप्प्यावर मे २०२५ मध्ये चाचणी सुरू झाली. या मार्गामुळे मीरा गाव, काशीगाव यांसारख्या रेल्वेपासून दूरच्या भागांचे महत्त्व वाढले आहे.

पाणी हा दुसरा कळीचा प्रश्न. मीरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. शहराची तहान अनेक वर्षे स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून येणाऱ्या, उल्हास नदीच्या पाण्यावर भागली. वाढत्या गरजेसाठी एमएमआरडीएने पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पाची ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली. त्यात मीरा-भाईंदरचा वाटा रोज २१८ दशलक्ष लिटरचा आहे. तरीही एका भागात पाणी रोज येते आणि दुसऱ्यात दिवसाआड, अशी तफावत असू शकते. त्यामुळे सोसायटीला किती तास पाणी मिळते, टाकीची क्षमता किती आहे आणि वर्षभरात टँकरवर किती खर्च होतो, हे सोसायटीच्या हिशेबातून पाहावे. बराचसा भाग सखल आणि खाडीलगत असल्याने भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की काही रस्ते तुंबतात. तळमजल्याचे घर किंवा दुकान घेणाऱ्याने ती जागा पावसाळ्यात एकदा तरी पाहिलेली बरी.

फेरविक्रीच्या फ्लॅटमध्ये कागदपत्रांची सुरुवात जमिनीपासून होते. सातबारा किंवा मिळकतपत्रिका, बिगरशेती परवानगी आणि साधारण तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून तपासून घेतला जातो. या शहरात त्याची गरज जास्त आहे. मिठागरे, खारटण जमिनी आणि बांध राखण्यासाठी दिलेले ब्रिटिशकालीन पट्टे यांमुळे काही जमिनींवर जुने दावे राहिले आहेत. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला. पण त्याखाली सवलत घेऊन बांधलेल्या इमारतींच्या अटी अजूनही कागदोपत्री तपासाव्या लागतात. खाडीकाठी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आणि कांदळवनापासून ५० मीटरचा राखीव पट्टा लागू होतो. पूर्वेकडे राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची बंधने आहेत.

इमारतीसाठी मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला, म्हणजे बोलीभाषेतली ‘ओसी’, ही कागदपत्रे पाहिली जातात. ओसी नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतात खरे, पण गृहकर्ज, पाणीजोडणी आणि पुनर्विकास या तिन्ही ठिकाणी तिची उणीव अडचण करते. इमारतीच्या वयाचाही कायदा विचार करतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका अधिनियमातील कलम २६५-अ नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी अपेक्षित असते. खारी हवा लोखंडी सळ्या लवकर गंजवते. म्हणून किनारी शहरात हा अहवाल केवळ औपचारिकता ठरत नाही.

यानंतर सोसायटीचे दप्तर. विकणाऱ्याच्या नावावरचे भाग प्रमाणपत्र, आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, इंडेक्स २, थकबाकी नसल्याचा दाखला आणि सोसायटीचे ना-हरकतपत्र ही त्यातली मुख्य कागदपत्रे. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येते. त्यापलीकडची रक्कम ‘देणगी’ म्हणून सक्तीने मागता येत नाही. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देत असेल, तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये.

जुन्या सोसायट्यांत सर्वाधिक राहून गेलेली गोष्ट म्हणजे अभिहस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स. सदनिकाधारकांना घर मिळते, सोसायटी नोंदली जाते, पण जमीन बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहते. १९६३ च्या मोफा कायद्याखालील नियमांनुसार सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवू शकते. ते झालेले असेल तर पुनर्विकासाचा मार्ग बराच मोकळा होतो.

पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी सुधारित कार्यपद्धती ठरवण्यात आली. तिच्यानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. जुन्या फ्लॅटच्या किमतीत मोठ्या घराची आशा मिसळलेली असते. त्यामुळे विक्रेत्याने ‘इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार’ असे म्हटले, तर सर्वसाधारण सभेचा ठराव, नेमलेला विकासक आणि नोंदणीकृत विकास करार दाखवायला सांगावे. ठराव झाला तरी काम रखडू शकते. मासिक भाड्याची तरतूद आणि बँक हमी हे सभासदांचे खरे संरक्षण. नव्या टॉवरमधील विक्रीच्या फ्लॅटला मात्र १ मे २०१७ पासून लागू झालेल्या रेरा कायद्याचे कवच असते: प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, ताबा देण्याची तारीख आणि चटई क्षेत्र संकेतस्थळावर पाहता येते. जुन्या जाहिरातीतील ‘सुपर बिल्टअप’ आणि नवे चटई क्षेत्र यांची तुलना थेट करू नये.

शेवटी खर्चाचा हिशेब. करारातील किंमत किंवा रेडी रेकनरचे मूल्य, जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागते. केवळ महिलांच्या नावे खरेदी झाल्यास त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजार रुपयांच्या मर्यादेत. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. त्यात दलाली, वकील, सोसायटीचे शुल्क आणि दुरुस्ती यांची भर पडते. जुन्या इमारतीत येत्या काही वर्षांतील मोठ्या दुरुस्तीचा वाटाही याच हिशेबात धरावा लागतो.