शेतातील घर : आधी कागद, मग पाया

सुगी उरकून धान्य घरात आले आणि हाती चार पैसे राहिले, की शेतावर घर बांधण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात डोकावू लागतो. गावठाणातील जुने घर भावाभावांत वाटले गेलेले असते. गुरे बांधावयास जागा उरलेली नसते. पोत्यांना उंदीर लागतात. रात्रीच्या पाळीचे पाणी धरण्यासाठी अंधारात शेताची वाट तुडवावी लागते. तेव्हा शेतावर घर असावे ही इच्छा रास्तच होय. परंतु पुष्कळ ठिकाणी प्रथम पाया खणला जातो, नंतर भिंती उभ्या राहतात आणि परवान्याची चौकशी सर्वांत शेवटी होते. हा क्रम उलटा आहे. कागदावरील चूक खोडता येते. दगडविटांतील चूक पाडूनच दुरुस्त करावी लागते, आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्याच शिरी बसतो.

शेतघर कशास म्हणावे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २ मध्ये शेतघराची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत व वैरण ठेवणे, शेतमाल साठविणे, गुरांना निवारा देणे, खातेदाराचे कुटुंबीय, नोकर किंवा कुळे यांनी राहणे, आणि शेतीच्या व्यवस्थेचाच अविभाज्य भाग असलेले अन्य काम, यांपैकी एका किंवा सर्व कारणांसाठी शेतजमिनीवर उभारलेली इमारत म्हणजे शेतघर. जमीन अधिक चांगली कसता यावी, यासाठी असे शेतघर बांधण्याचा व विहीर खणण्याचा खातेदाराचा हक्क कलम ४१ ने मान्य केला आहे.

मात्र या हक्कास मर्यादा आहेत. मोठ्या शहरांची हद्द व तिच्या भोवतालचा कायद्याने ठरविलेला पट्टा यांत जमीन असेल, तर शेतघरासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तेथे धारण केलेली जमीन ०.४ हेक्टरपेक्षा कमी असल्यास परवानगी मिळत नाही. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत जमीन असल्यास सर्व शेतघरांचे मिळून जोते १५० चौरस मीटरपेक्षा आणि त्याहून अधिक जमीन असल्यास ४०० चौरस मीटरपेक्षा मोठे असता कामा नये. त्यांपैकी राहण्यासाठी वापरावयाचा भाग मात्र कोणत्याही स्थितीत १५० चौरस मीटरपुढे जाता कामा नये. इमारत तळमजल्याचीच असावी व जोत्यापासून तिची उंची ५ मीटरपेक्षा अधिक नसावी, असेही बंधन आहे. आपले गाव या पट्ट्यात येते किंवा नाही, हे तहसील कार्यालयात विचारून घेणे ही पहिली पायरी होय.

दुकानाची खोली ही वेगळी बाब

येथेच बहुतेकांची फसगत होते. उदाहरणादाखल, रस्त्याकडेला १ हेक्टर जमीन असलेल्या एका कुटुंबाचा विचार करावा. घर, गोठा व कोठार बांधताना घरातील थोरला मुलगा सुचवितो, की पुढची एक खोली दुकानासाठी काढावी. खते, बियाणे किंवा किराणा विकता येईल. विचार व्यवहाराचा आहे. पण कायद्याच्या दृष्टीने त्या एका खोलीमुळे कामाचे स्वरूप पालटते. आपल्या शेतातील माल आपल्या कोठारात ठेवणे ही शेती होय. बाहेरचा माल आणून तेथे विकणे हा व्यापार होय. व्यापारासाठी होणारा वापर बिगरशेती वापर ठरतो व तो शेतघराच्या व्याख्येत बसत नाही. विनापरवाना असा वापर केल्यास दंड होऊ शकतो आणि जमीन पूर्वीच्या वापरात आणण्याचा हुकूमही निघू शकतो. भिंती बांधून झाल्यावर हा हुकूम हाती पडला, तर वर्षाची कमाई मातीमोल होते.

बिगरशेती वापराच्या तरतुदींत गेल्या काही वर्षांत अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत. म्हणून शेजाऱ्याने काय केले यावर विसंबू नये; आजचा नियम संबंधित कार्यालयातून लेखी मागून घ्यावा. दुकान आजच उघडावयाचे नसेल, तर ती जागा रस्त्याच्या बाजूस मोकळी ठेवावी व परवानगी मिळाल्यावर स्वतंत्र बांधावी. यात घरही सुरक्षित राहते आणि पुढची वाटही खुली राहते.

हाताशी असावेत असे कागद

सात-बाराचा ताजा उतारा व आठ-अ चा उतारा प्रथम काढावा. उताऱ्यावर भावांची किंवा बहिणींची नावे सामाईक असतील, तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास तहसील कार्यालयात विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. हद्दीविषयी शंका असेल, तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्याच्या बांधावर भिंत गेली, तर तो वाद दोन पिढ्या चालतो. प्रादेशिक योजनेत जमीन कोणत्या विभागात येते त्याचा दाखला घ्यावा. जमीन मोठ्या रस्त्यालगत असल्यास बांधकामासाठी किती अंतर सोडावयाचे, हे रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडून समजून घ्यावे.

वरून विजेची तार जात असेल, तर तेथे विशेष दक्षता हवी. ११ हजार व्होल्टच्या तारेपासून इमारत आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर असावी. छपरावरून तार जात असल्यास उभे अंतर किमान ३.७ मीटर असावे. आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद होऊन घरपट्टी सुरू झाली, म्हणजे बांधकामास परवानगी मिळाली असे होत नाही. ती नोंद कराच्या आकारणीपुरती असते.

जागेची निवड : खर्चाचे मूळ

घराचा खर्च गवंड्याच्या दरावर जितका अवलंबून असतो, तितकाच जागेवरही असतो. काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, तर दोन-तीन वर्षांतच भिंतींना तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि मुरूम खोल असेल, तर जोते वर येण्याआधीच पैसा संपतो. म्हणून शेतातील उंचवट्याची, मुरमाड, हलकी जागा निवडावी. तिच्यात पीक कमी येते, पाया मात्र उथळावर मिळतो. चांगली जमीनही वाचते. जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवावे. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे उन्हाचा ताप कमी लागतो. गोठा घराच्या भिंतीस चिकटवू नये, आणि शेणखताचा खड्डा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा.

मापे व हिशेब

किती जागा लागेल हे अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावे. छपराखाली एका बैलास किंवा गाईस सुमारे ३.५ चौरस मीटर, म्हशीस ४ चौरस मीटर व लहान वासरास १ चौरस मीटर जागा लागते. वरील कुटुंबाकडे दोन बैल, दोन म्हशी व दोन वासरे असल्यास १७ चौरस मीटर होतात. गव्हाण, नाली व जाण्यायेण्याची वाट धरून २५ चौरस मीटरांचा गोठा पुरतो. ४० क्विंटल गव्हास प्रत्यक्ष जागा ५ ते ६ घनमीटरच लागते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर रचली, तरी १० चौरस मीटर पुरेत. त्याच खोलीत अवजारे ठेवावयाची असतील, तर ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद कोठार बांधावे.

या कोठाराच्या भिंतींचा हिशेब असा : भोवतालची लांबी २० मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ६० चौरस मीटर, दार-खिडक्या वजा जाता ५५. सांध्यासह २० × १० × १० सेंटिमीटर मापाची वीट आणि २० सेंटिमीटर जाडीची भिंत धरल्यास दर चौरस मीटरला १०० विटा लागतात. एकूण ५,५०० होतात. मोडतोड धरून ५,८०० विटा मागवाव्यात. एकास सहा प्रमाणाच्या मसाल्यात सुमारे १४ पोती सिमेंट लागेल. गावभट्टीच्या विटेचे माप निराळे असते, म्हणून प्रथम वीट मोजावी. पाया, जोते, फरशी व छप्पर यांचाही असाच निराळा हिशेब करून त्यास स्थानिक दर लावावेत, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ते ताडून पाहावेत.

पुष्कळांच्या हिशेबातून काही बाबी सुटतात : मोजणी व नकाशाची फी, वाळू-मुरमाची वाहतूक, बांधकामाचे पाणी, पावसाळ्यात गाडी जाईल असा रस्ता आणि वीज. शेतीपंपाची जोडणी घरासाठी वापरता येत नाही. घरगुती जोडणी स्वतंत्र घ्यावी लागते. एकूण रकमेचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूस ठेवावा. पैसा कमी पडत असेल, तर सर्व कामे अर्धवट उभारू नयेत. यंदा गोठा व कोठार, पुढील वर्षी घर, असे टप्पे पाडावेत.

कामाचा क्रम

पावसाळ्यात कागदपत्रे जमवावीत, अर्ज करावा व त्याची पोच जपून ठेवावी. सुगीनंतर पाया घ्यावा. सिमेंटच्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारावे. मृगाच्या आत छप्पर चढावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी एक सोपी गोष्ट करावी. कोणी शेतावर वीट उतरवीत असल्याचे दिसताच, त्या घरी जाऊन सात-बारा, संमती व परवानगी यांविषयी आपुलकीने चौकशी करावी. वीट रचण्याआधी विचारलेला एक प्रश्न नंतरच्या दहा नोटिसांपेक्षा उपयोगी पडतो. शेतकरी आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो. ते कायद्याने पक्के असेल, तरच त्याच्या मुलाबाळांना त्या छपराखाली निर्धास्त झोप लागेल.