द्राक्षमळ्यांच्या वाटेने सायकलवर : सांगली ते कुंडल

युरोपात समुद्रकाठच्या द्राक्षमळ्यांतून दिवसभर रमतगमत सायकल चालविणे हा सहलीचा आवडता प्रकार आहे. आपल्या सांगली जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु द्राक्षमळे आहेत, कृष्णा आणि येरळा आहेत, आणि सांगली–तासगाव–पलूस–कुंडल अशी सुमारे 50 किलोमीटरची, एका दिवसात सायकलने आरामात होणारी वाट आहे. मोटारीतून ही वाट केव्हा सरली ते कळतही नाही. सायकलवरून मात्र, जे फळ आपण घरोघरी आवडीने खातो ते किती कष्टांनी आणि केवढ्या जोखमीने पिकते, हे प्रत्यक्ष पाहता येते.

या सहलीस जानेवारीअखेर ते मार्च हा काळ उत्तम. उजाडताच निघावे. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद या मार्गाने ऊन चढण्यापूर्वी तासगाव गाठता येते. ऊस मागे पडू लागतो आणि तारांच्या मांडवावर चढविलेल्या वेली दिसू लागतात. पानांखाली एका उंचीवर लोंबणारे घड पाहून हे सारे निसर्गाने सहज दिले असे वाटते. वस्तुतः वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तर ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यानंतर फुटी काढणे, शेंडे खुडणे, घडांची विरळणी, औषधांच्या फवारण्या अशी कामे काढणीपर्यंत संपत नाहीत.

एवढे करूनही सारे आभाळाच्या हाती असते. वेल फुलोऱ्यात असताना पाऊस व ढगाळ हवा आली तर डावणी आणि घडकुज बाग उद्ध्वस्त करतात. मणी गोड झाल्यावर पाऊस आला तर ते तडकतात. वर्षभराचा खर्च आधी करावयाचा आणि फळ मिळेल की नाही हे अखेरच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नसावयाचे, अशी ही शेती आहे.

तासगावात प्रथम गणपती मंदिर पाहावे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेल्या या मंदिराचे सात मजली गोपूर दाक्षिणात्य धाटणीचे असून महाराष्ट्रात असे गोपूर विरळाच. ‘थॉमसन सीडलेस’ या परदेशी जातीतून याच तालुक्यातील बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांनी निवडीने जी नवी जात पुढे आणली, तिचे नाव ‘तास-ए-गणेश’. गावाचे आणि दैवताचे अशी दोन्ही नावे त्यात ऐकू येतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर शेतकऱ्याच्या बागेत, नित्याच्या निरीक्षणातून ही जात हाती आली, हे तरुण वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

तालुक्यातील बेदाण्याच्या शेडही पाहण्याजोग्या असतात. घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून, जाळीच्या मजल्यांवर सावलीत पसरून वाळवितात. साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. एक किलो बेदाण्यास सुमारे चार किलो द्राक्षे लागतात. येथेही अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो आणि भाव उतरतो. सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्यामागे या पंधरवड्याची धाकधूक असते.

तासगावहून पलूसकडे जाताना येरळा ओलांडावी लागते. ही नदी सातारा जिल्ह्यातील खटावच्या माळावरून येते आणि वर्षातील बराच काळ कोरडी असते. या प्रदेशाच्या हिरवाईमागे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी उचललेले कृष्णेचे पाणी मोठ्या प्रमाणावर आहे. टेंभूचे पाणी तर कराडजवळ, म्हणजे सातारा जिल्ह्यातच उचलले जाते. साताऱ्याच्या नदीवर सांगलीची वेल जगते, हे येथे कळते.

पलूसपुढे किर्लोस्करवाडी. सायकलस्वाराने येथे क्षणभर थांबावेच. कारण 1910 साली माळरानावर हा कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ 1888 मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला होता. तेथून कुंडल अगदी जवळ. झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ आणि गावातील कलिकुंड पार्श्वनाथ यांमुळे हे क्षेत्र आपल्या परिचयाचे आहेच. परंतु हेच गाव 1943 नंतरच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते, हेही मुलांना सांगावे. सायकल पायथ्याशी ठेवून डोंगर चढावा. वरून दिसणाऱ्या शिवारात आपण पार केलेली वाट ओळखू येते.

काही सूचना. शिदोरी व गाळलेले पाणी सोबत असावे. परवानगीवाचून बागेत शिरू नये. न दिलेले घेऊ नये हा आपला नियम तर आहेच. शिवाय नुकत्याच फवारलेल्या घडाचा मणी तोंडात टाकणे आरोग्यास घातक असते. परतीसाठी किर्लोस्करवाडी स्थानकावरील गाड्यांच्या वेळा आणि सायकल नेण्याची सोय यांची चौकशी आधीच करावी. म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांचीही अडचण होत नाही.

वाटेत शक्य असेल तेथे बेदाणा थेट शेतकऱ्याकडूनच घ्यावा. पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस न करता, यंदा पावसाने कितपत साथ दिली, एवढे त्यांना आवर्जून विचारावे. त्यांच्या उत्तरातून द्राक्षशेतीविषयी पुस्तकांपेक्षा अधिक समजेल.