१० बदल आणि एक बाटली

बाल्टिमोरमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ७ जानेवारी २०२२ रोजी ५७ वर्षांच्या डेव्हिड बेनेट यांना डुकराचे हृदय बसवले, तेव्हा एकच आकडा गाजला. त्या डुकराच्या जनुकांत १० बदल केले होते. माणसाचे शरीर ज्यांच्यावर तुटून पडते अशा शर्करा बनवणारी तीन जनुके बंद, हृदय वाढत राहू नये म्हणून वाढीचे एक बंद, आणि माणसाची सहा जनुके घातलेली. हे काम थोर आहे. पण ८ मार्चला बेनेट गेले, आणि त्यांच्याच डॉक्टरांनी २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या अहवालात त्या १० बदलांपेक्षा जास्त अस्वस्थ करते ते एक नेहमीचे औषध: शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन.

प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाचे स्वतःचे प्रतिपिंड घटतात, संसर्ग टपलेला असतो. म्हणून हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळे केलेले प्रतिपिंड त्याला देतात; तेच हे औषध. पण डुकराच्या पेशींना परके म्हणून ओळखणारे प्रतिपिंड निरोगी माणसांच्या रक्तात मुळातच असतात. तीन शर्करा काढल्या तरी पेशींवर इतर खुणा उरतात, आणि हजारोंच्या मिश्रणात त्यांना ओळखणारेही असू शकतात. अहवाल सांगतो की हे औषध दात्या डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना घट्ट चिकटले. बेनेट यांच्या शरीरातला जो विरोध डॉक्टरांनी कष्टाने दाबला होता, तोच बाटलीतून परत आत गेला असण्याची शक्यता आहे. पुढे केशवाहिन्या फुटल्या, हृदयाच्या भिंती सुजून ताठ झाल्या.

यावर कोणी म्हणेल, त्या हृदयात डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरसही सापडला होता, मग दोष औषधाला का? अहवालात दोन्ही कारणे आहेत आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही. विषाणूसाठी कळपाची तपासणी कडक करता येते. तशीच औषधाचीही करता येते: त्याचा थेंब दात्या डुकराच्या पेशींत मिसळायचा, पेशी धुवायच्या, चिकटलेल्या प्रतिपिंडांना चमकणारी खूण लावून फ्लो सायटोमीटरमध्ये मोजायचे. संसर्गाने ग्रासलेला रुग्ण थांबू शकत नाही, हा आक्षेप जास्त खरा आहे. पण डुक्कर तर आधीच ठरलेले असते! त्याच्या पेशींवर आधीच पारखून घेतलेला औषधाचा साठा शस्त्रक्रियेपूर्वी राखून ठेवता येईल. बबून माकडाच्या पोटात बसवलेले डुकराचे हृदय ९४५ दिवस टिकले होते, मग माणसात भीती कशाची, हे उत्तरही पुरत नाही. त्या तीन शर्करांपैकी एक बबूनच्या स्वतःच्या पेशींवर असते, माणसाच्या नसते, त्यामुळे तिच्याविरुद्धचा आपला राग त्याच्या रक्तात नसतो. म्हणून पुढच्या रुग्णाच्या संमतीपत्रात १० बदलांची माहिती असेल, तर त्याला मिळणाऱ्या प्रत्येक प्रतिपिंड-औषधाच्या या चाचणीचा निकालही तिथेच लिहिलेला हवा.