खारेपाटातले पाणी आणि घरचा काढा

पेण तालुक्यातील खाडीलगतच्या सखल पट्ट्यात, म्हणजे खारेपाटात, बऱ्याच विहिरींचे पाणी मचूळ, म्हणजे किंचित खारट असते, तर रोह्याच्या वरच्या अंगाला कुंडलिका नदी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सुटणारे गोडे पाणी घेऊन वाहते. हा फरक स्वयंपाकघरात लगेच जाणवतो, कारण मचूळ पाणी बहुधा जडही असते, आणि जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात आणि डाळ कितीही उकळली तरी नीट शिजत नाही.

औषधात तर पाण्याचा गुण अधिकच महत्त्वाचा ठरतो. शार्ङ्गधरसंहितेत काढ्यासाठी एक भाग कुटलेल्या औषधात सोळा भाग पाणी घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत मातीच्या भांड्यात आटवावे, असे सांगितले आहे; या आटवण्यात जंतू मरतात, परंतु पाण्यातील क्षार वाफेबरोबर जात नसल्यामुळे खारटपणा जवळजवळ आठपट होतो, आणि म्हणूनच काढ्याला गोडे पाणी घेण्याचा जुना आग्रह सयुक्तिक वाटतो.

गढूळ पाण्यासाठी निवळीचे बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळण्याची किंवा तुरटी फिरवण्याची रीत होती. त्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. मात्र नितळ झालेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, त्यामुळे बाळाच्या घुटीसाठी किंवा जुलाबावरील मीठ-साखरेच्या पाण्यासाठी ते निवळल्यानंतरही खळखळून उकळून, झाकून गार करावे लागते.