विश्लेषण : नऊवारी शिवून घेतली की नेमके काय हरवते?

गुढीपाडव्याच्या सकाळी विठ्ठलवाडी स्थानकावर स्वागतयात्रेला निघालेल्या महिला नऊवारीत दिसतात. पण अनेकींनी ती नेसलेली नसते, सलवारीसारखी चढवलेली असते. तयार कासोटा, कमरेला नाडी, पाच मिनिटांत काम फत्ते. शेजारचे उल्हासनगर तर तयार कपड्यांचेच शहर. मग बिघडले कुठे?

नऊ वार अंगावर टिकतात कसे?

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर अखंड कापड. कमरेला घट्ट गाठ, पदर खांद्यावर, उरलेल्या कापडाच्या निऱ्या पुढे, आणि खालचा काठ दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचलेला. परकर नको, पिन नको. पाय मोकळे राहतात, म्हणून भातलावणीही याच वेशात होई. कोळणी तर ते गुडघ्यापर्यंतच घट्ट नेसतात.

ग्रीसचा संबंध काय?

प्राचीन ग्रीक स्त्रियाही अखंड आयताकृती कापडच अंगाभोवती घेत. लोकरीच्या ‘पेप्लॉस’ची वरची कड दुमडून खांद्यांवर टाचण्या लावायच्या, कमरेला पट्टा बांधायचा. पट्टा सोडून टाचण्या काढल्या की पुन्हा नुसते कापड!

या टाचण्या मात्र लांब आणि अणकुचीदार. इतिहासकार हेरोडोटस सांगतो, एजिना बेटावरच्या मोहिमेतून एकच सैनिक अथेन्सला परतला. ‘आमचे नवरे कुठे?’ असे विचारत बायकांनी त्याला टाचण्यांनी भोसकून मारले. म्हणून अथेन्सने त्यांना टाचणी न लागणारा लिननचा ‘खितॉन’ घालायला लावला. कथा जरा अतीच वाटते, पण टाचणीचा दरारा कळतो.

मग शिवलेली नको का?

लोकल पकडणारीला वेळ नसतो, नेसवायला घरात कोणी नसते. सोय नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न कात्रीचा आहे. आजीचे लुगडे नातीला होते, कंबर अठ्ठावीस असो की अडतीस. बाळंतपणानंतरही तेच चालते, फक्त गाठ सैल करायची. शेवटी विरले की गोधडीत जाते. कापून शिवलेली नऊवारी एकाच मापाची. वजन वाढले की कपाटात.

त्यामुळे घरातली जुनी नऊवारी शिंप्याकडे देण्याआधी एवढे जरूर विचारावे : कापड न कापता, नुसते टाके घालून होईल का? टाके उसवता येतात.